एक तार, सतरा हिस्सेदार

कोकणात राहणाऱ्याला 'सामाईक' या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन-तीन देवाघरी, आणि जमीन मात्र तेवढीच. एका विहिरीवर चार घरं, एका हापूसच्या कलमाला पाच वाटेकरी. माझी शाळा कॉन्व्हेंटची. तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'शेअरिंग इज केअरिंग' रंगवलेलं असायचं. आमच्या राजापूरच्या आजोबांचं मत बरोबर उलटं. ते म्हणायचे, "वाटून खा, पण आधी वाटणीचा कागद करा. कागद नसला की खातो तो खातो आणि उरलेले भांडतात." इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर मी पूर्णपणे आजोबांच्या पक्षात गेले आहे. त्याला कारण आपल्या लॅबमधला सर्व्हर!

तो काळा डबा तुम्ही सगळ्यांनी काचेतून पाहिला असेल. एसीची थंड हवा खात, हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला असतो. त्या एका सर्व्हरच्या पोटात आजच्या तारखेला सतरा व्हर्च्युअल मशीन चालू आहेत. लायब्ररीचा कॅटलॉग, टेस्ट सिरीजचा सर्व्हर, डेटाबेस लॅब, अँटीव्हायरसचे अपडेट वाटणारं मशीन आणि बाकी सगळे फायनल इयरचे प्रोजेक्ट ग्रुप. प्रत्येकाला वाटतं की आपल्याला स्वतंत्र कॉम्प्युटर मिळालाय. पण डब्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. नेटवर्कचे चार पोर्ट आहेत, आणि केबल लागली आहे फक्त एकात. म्हणजे सतरा जणांचं जगाशी बोलणं त्या एका निळ्या तारेतून चालतं. माझा मुद्दा तार एक आहे हा नाही. तार एक असण्यात काहीच गैर नाही. त्या तारेच्या वाटणीचा कागद कुठेही नाही, हे गैर आहे.

आधी थोडा फंडा क्लिअर करू, म्हणजे सिव्हिल-मेकॅनिकलच्या मंडळींच्या डोक्यावरून जायला नको. (आणि कॉम्प्युटरवाल्यांनीही वाचा. व्हायवात 'ब्रिज म्हणजे काय' विचारल्यावर अर्धा वर्ग छताकडे बघतो, हे आपल्याला माहीत आहे!)

एका खऱ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक आभासी कॉम्प्युटर उभे करायचे, ही कल्पना आपल्या आईबाबांच्या वयाची आहे. आयबीएमने मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० आणलं १९७२ मध्ये. साध्या पीसीवर ही चैन १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे आली. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून 'झेन' बाहेर पडलं, आणि २००७ मध्ये केव्हीएम तर थेट लिनक्सच्या कर्नलमध्येच जाऊन बसलं. आज हॉस्टेलच्या प्रत्येक दुसऱ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स आहे.

आता गंमत बघा. नवीन व्हर्च्युअल मशीन बनवताना आपण काय काय भरतो? प्रोसेसर किती? दोन कोअर. मेमरी किती? चार जीबी. डिस्क किती? चाळीस जीबी. प्रत्येक ठिकाणी आकडा टाकल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मग येतो नेटवर्कचा रकाना. तिथे आकडा विचारतच नाहीत! 'ब्रिज' की 'नॅट' एवढं निवडायचं आणि 'नेक्स्ट' दाबायचं. जागेची वाटणी झाली, धान्याची झाली, आणि विहिरीपुढे मात्र 'सामाईक' एवढंच लिहून मोकळे. सगळ्या भांडणाचं मूळ या एका रिकाम्या जागेत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आत वाटणी होते तरी कशी? त्यासाठी आपल्या कोकण रेल्वेची 'रो-रो' आठवा. १९९९ पासून ही सेवा चालते. माल भरलेला अख्खा ट्रक सपाट वाघिणीवर चढतो, ड्रायव्हर केबिनमध्येच बसून राहतो, आणि घाटातली वळणं टाळून ट्रक कोलाडहून गोव्याकडे रुळांवरून जातो. ट्रकची नंबरप्लेट तीच राहते, माल तोच, मालक तोच. फक्त रूळ दुसऱ्याचे. ब्रिज नेमकं हेच करतो. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो, ती त्याची नंबरप्लेट. आभासी कार्डाला सॉफ्टवेअर स्वतःच प्लेट बनवून देतं. व्हर्च्युअलबॉक्सची प्लेट साधारणपणे ०८:००:२७ ने सुरू होते, केव्हीएमची ५२:५४:०० ने. ब्रिज म्हणजे सर्व्हरच्या मेमरीत बसलेला एक सॉफ्टवेअरचा स्विच. सतरा मशीन त्याला एका बाजूने जोडलेली आणि दुसऱ्या बाजूला खरं कार्ड. खऱ्या कार्डाला सांगून ठेवलेलं असतं की पत्ता तुझा नसला तरी येईल ते पॅकेट आत घे, कोणाचं ते ब्रिज ठरवेल. बाहेरच्या स्विचला वाटतं, एका वायरच्या टोकाला सतरा कॉम्प्युटर बसलेत.

नॅटचा प्रकार वेगळा. तिथे ट्रकमधला माल उतरवून घेतात आणि दुसऱ्याच नावाच्या पावतीवर पुढे पाठवतात. बाहेरच्या जगाला फक्त मूळ मशीनचा पत्ता दिसतो, आतल्या पाहुण्याचा नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये काही न बदलता नॅट ठेवलंत तर तुमच्या आभासी मशीनचा पत्ता १०.०.२.१५ येतो. तुमचा, तुमच्या रूममेटचा, शेजारच्या विंगमधल्या सगळ्यांचा तोच! आणि तरी भांडण होत नाही, कारण प्रत्येकाचं नॅट आपापल्या लॅपटॉपमध्ये कोंडलेलं आहे. हॉस्टेलच्या वायफायवर हेच बरं. कारण वायफायचा अॅक्सेस पॉइंट ज्या नंबरप्लेटची नोंद झाली तिलाच ओळखतो, दुसरी प्लेट दाखवली की पॅकेट टाकून देतो. म्हणून वायफायवर ब्रिज रडतो. यात तुमच्या लॅपटॉपचा दोष नाही.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती कामाला येणार आहे. एकाच सर्व्हरवरची, एकाच ब्रिजवरची दोन मशीन आपापसात बोलतात तेव्हा ते बोलणं तारेपर्यंत येतच नाही. आतल्या आत, मेमरीतून उरकतं. म्हणजे वेबसाइटचं मशीन आणि तिच्या डेटाबेसचं मशीन शेजारी-शेजारी असतील तर त्यांच्या गप्पांचा तारेवर भार शून्य. भार पडतो तो बाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या गोष्टींचा.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. गेल्या सेमिस्टरला प्रोजेक्ट प्रेझेंटेशनच्या दिवशी एका ग्रुपची वेबसाइट एक्स्टर्नल सरांसमोर उघडेना. पान अर्धं यायचं, चाक फिरत राहायचं. सरांनी दोन वेळा 'रिफ्रेश' केलं, तिसऱ्यांदा शेऱ्यात 'रिस्पॉन्स टाइम पुअर' लिहिलं आणि मार्क कापले. चार महिन्यांचं काम! त्या ग्रुपने त्यानंतर दोन रात्री जागून डेटाबेसच्या क्वेऱ्या परत लिहिल्या. काही फरक नाही. मग कोणीतरी सर्व्हरचा त्या दिवशीचा ग्राफ उघडला. प्रोसेसर आरामात, मेमरी आरामात, आणि नेटवर्कची रेघ सकाळी दहापासून छताला चिकटलेली! त्याच वेळेला शेजारच्या एका मशीनची अख्खी डिस्क बॅकअपसाठी बाहेरच्या स्टोरेजवर कॉपी होत होती. ज्याने ती लावली त्याला माहीत नव्हतं की आज प्रेझेंटेशन आहे. ज्यांचं प्रेझेंटेशन होतं त्यांना माहीत नव्हतं की ही कॉपी आपल्याच तारेवरून चालली आहे. दोष कोणाचा? मी तर म्हणेन, कोणा एकाचा नाही. पण मार्क मात्र एकाच ग्रुपचे गेले.

याचं गणित साधं आहे. एक गिगाबिटची तार म्हणजे सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट, प्रत्यक्षात ११०च्या आसपास. २०० जीबीची डिस्क पूर्ण वेगाने कॉपी करायला लागतो अर्धा तास. त्या अर्ध्या तासात बाकीच्या सोळा जणांनी काय करायचं? "पण तारेवर सगळ्यांना सारखंच मिळतं ना?" असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही मिळत. हॉस्टेलमध्ये पाणी सुटल्यावर नळाखाली काय होतं ते आठवा. एकेक बादली पाळीपाळीने भरायची असा नियम असला, तरी ज्याने चार बादल्या रांगेत लावल्या त्याला चार पाळ्या मिळतात. नेटवर्कवरही ढोबळमानाने तसंच आहे. गर्दी झाली की टीसीपी वाटणी करतो ती माणशी नाही, मशीनमागे नाही, तर प्रत्येक कनेक्शनमागे. ज्याने डाउनलोड मॅनेजर लावून सोळा कनेक्शन उघडली, त्याच्या सोळा बादल्या. ज्याने बिचाऱ्याने एक उघडलं, त्याची एक. वाटणी ठरवली नाही म्हणजे वाटणी होत नाही असं नाही. ती होतेच, फक्त जो जास्त ओढतो त्याच्या बाजूने होते.

हे बोललं की लगेच उपाय सुचवणारे पुढे येतात. त्यांचे चार आवडते उपाय आहेत.

पहिला : "प्रत्येक मशीनला वेगळं कार्ड द्या." सतरा मशीन, सतरा पोर्ट, सतरा केबल, स्विचवर सतरा जागा. सर्व्हरमध्ये तेवढे स्लॉटच नसतात. असले तरी त्यातली पंधरा कार्डं दिवसभर झोपा काढतील. वाटून घेण्यासाठीच तर व्हर्च्युअल मशीनचा शोध लागला. मग एवढी काटकसर करून शेवटी कार्डांचा बाजार मांडायचा?

दुसरा : "दहा गिगाबिटचं कार्ड घ्या." घ्या की! पण समोरचा स्विच एक गिगाबिटचा असेल तर ते कार्ड करणार काय? आणि स्विचही बदलला, तरी लगाम नसलेली कॉपी मोठ्या तारेतही डिस्क देईल तेवढ्या वेगाने पळणार. नळ मोठा केला म्हणून चार बादल्यावाला तीन बादल्या घरी ठेवत नाही.

तिसरा : "दोन केबल एकत्र बांधा," म्हणजे टीमिंग किंवा बाँडिंग. हा चांगला उपाय आहे, पण लोक समजतात त्या कारणासाठी नाही. दोन केबल बांधल्या की एका कॉपीला दुप्पट वेग मिळत नाही. पॅकेटं उलटसुलट पोचू नयेत म्हणून एक कनेक्शन सहसा एकाच केबलवरून चालवतात. हायवे चौपदरी झाला म्हणून एक ट्रक दोन लेनमधून धावतो का? हां, ट्रक अनेक असले तर ते दोन्ही लेनमध्ये विभागले जातात, आणि एक केबल उंदराने खाल्ली तर दुसरी चालू राहते. तेवढ्यासाठी टीमिंग जरूर करावं.

चौथा उपाय जरा हाय-फाय आहे, एसआर-आयओव्ही. २००७ मध्ये याचं प्रमाणक आलं. यात खरं कार्ड स्वतःच स्वतःचे तुकडे पाडून देतं आणि प्रत्येक तुकडा थेट एकेका मशीनच्या हातात जातो. मधला ब्रिज गायब, त्यामुळे प्रोसेसरचा ताण कमी. इंटेलच्या ८२५७६ या एक गिगाबिटच्या कार्डावर लिनक्समध्ये पोर्टमागे असे सात तुकडे पडतात, दहा गिगाबिटच्या ८२५९९ वर त्रेसष्ट. सॉलिड प्रकार आहे! पण ब्रिज गेला की ब्रिजवरचे पहारेही गेले. आणि चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणं अवघड होतं, कारण आता ते एका विशिष्ट कार्डाला बांधलेलं असतं. बँकेला, टेलिकॉमला याची गरज असेल. आपल्या सतरा मशीनना नाही.

मग करायचं काय? माझ्या मते तीन कामं, आणि तिन्हींना मिळून खर्च म्हणाल तर दोन-तीन केबलचा.

एक. मागचे रिकामे पोर्ट वापरा. चार पोर्ट सर्व्हरबरोबर आलेत, त्यांचे पैसे कधीच देऊन झालेत. बॅकअप आणि सर्व्हर सांभाळण्याचं काम दुसऱ्या पोर्टवर टाका, प्रोजेक्ट ग्रुप तिसऱ्यावर, आणि लायब्ररी व टेस्ट सिरीज पहिल्यावर राहू दे. बॅकअपचा ट्रक मुख्य रस्त्यावरून काढला, की निम्मं दुखणं तिथेच संपतं. मात्र स्टोरेजपर्यंतचा पुढचा रस्ताही वेगळा हवा, नाहीतर इथे वेगळं करून स्विचच्या पलीकडे परत एकाच वायरीत घुसवलं तर काय उपयोग?

दोन. व्हीलॅन करा. प्रत्येक पॅकेटला चार बाइटची चिठ्ठी लागते, तिच्यात बारा बिटांचा नंबर, म्हणजे वापरण्याजोगे ४०९४ गट. लोकल ट्रेनमध्ये लेडीज डबा वेगळा, फर्स्ट क्लास वेगळा, पण गाडी एकच, तसं हे. प्रोजेक्टवाल्याच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला तर तो टेस्ट सिरीजच्या डब्यात सहजासहजी डोकावू शकणार नाही. पण एक गैरसमज नको. डबे वेगळे केले म्हणून गाडी लांब होत नाही. व्हीलॅनने भांडणं कमी होतात, वेग वाढत नाही.

तीन. तो रिकामा रकाना भरा. लिनक्समध्ये प्रत्येक आभासी कार्डाला वेगाची मर्यादा घालता येते, आणि प्रॉक्समॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तर त्यासाठी सरळ एक चौकट दिलेली आहे. सेकंदाला किती मेगाबाइट, एवढंच लिहायचं. बॅकअपला ४० मेगाबाइट लिहा. मघाचीच २०० जीबीची कॉपी अर्ध्या तासाऐवजी सुमारे एक तास तेवीस मिनिटांत होईल. रात्री दोन वाजता कोणाला घाई आहे? एक अडचण मान्य करायला हवी. बाहेर जाणाऱ्याला लगाम घालणं सोपं आहे, बाहेरून येणाऱ्याला कठीण, कारण मर्यादा लागू होईपर्यंत पॅकेट तारेवरून येऊन पोचलेलं असतं. काही पॅकेटं टाकून दिली की पलीकडचा टीसीपी आपोआप हळू होतो, पण ते सरळ वागणाऱ्यांच्या बाबतीत. तरी आपल्या त्या दिवशीची कॉपी बाहेर जाणारीच होती, हे विसरू नका.

आणि या तिन्हींच्या वर एक कागद. ए-फोर साइजचा, सर्व्हर रूमच्या दारावर चिकटवलेला. कोणतं मशीन कोणत्या पोर्टवर, कमीत कमी किती मिळणार, जास्तीत जास्त किती, मालक कोण, आणि मोठी कॉपी लावण्याआधी कोणाला विचारायचं. बस. पाच रकाने.

कागदाने काय होतं, असं विचाराल तर परत रेल्वेकडेच बोट दाखवते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा आपला मार्ग. १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला, आणि २०२१ मध्ये दुहेरी झालेला रोहा ते वीर हा सुमारे ४६ किलोमीटरचा तुकडा सोडला तर बहुतेक सगळा एकेरी. त्याच रुळांवर २०२३ पासून वंदे भारत आहे, त्याच रुळांवर पॅसेंजर, त्याच रुळांवर मालगाडी आणि रो-रो. क्रॉसिंगला पॅसेंजर रखडते तेव्हा आपण सगळे वैतागतो, खरं आहे. पण का रखडली, कोणासाठी रखडली, कुठे रखडणार, हे ठरलेलं असतं. आणि वेळापत्रक आपल्यावर अन्याय करतं असं वाटलं तर त्यावर निवेदन देता येतं, भांडता येतं. जे लिहिलेलंच नाही त्याविरुद्ध भांडणार कसं? रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रकही वेगळं असतं. दरडींचे दिवस, गाड्या हळू, वेळा बदललेल्या. आपणही परीक्षेच्या आणि सबमिशनच्या दिवसांसाठी वेगळा कागद का करू नये? त्या पंधरा दिवसांत दिवसा बॅकअप बंद, प्रोजेक्टवाल्यांना थोडं जास्त, अँटीव्हायरसचे अपडेट पहाटे.

आता स्टाफची बाजू. ती मी ऐकली आहे, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. लॅबच्या सरांचं म्हणणं, "विद्यार्थ्यांच्या हातात सर्व्हरचं नेटवर्क दिलं तर एका चुकीच्या क्लिकने अख्ख्या कॉलेजचं नेट जाईल." बरोबर आहे. ब्रिजमध्ये चुकून दोन केबलचं वेटोळं झालं तर पॅकेटं गोल गोल फिरत राहतात आणि स्विच गुदमरतो. दुसरं, स्विचवर पोर्ट सिक्युरिटी लावलेली असेल, म्हणजे एका वायरीवर एकच नंबरप्लेट चालेल असा नियम असेल, तर कोणी न विचारता ब्रिज चालू केला की स्विच तो पोर्टच बंद करून टाकू शकतो. मग लॅब असिस्टंट काकांना जेवण सोडून धावावं लागतं. हे सगळं खरं.

पण यावर उत्तर आहे, आणि ते या तंत्रातच आहे. मघाशी म्हटलं ना, आतल्या आतलं बोलणं तारेपर्यंत येत नाही? मग एक असा ब्रिज बनवा की ज्याला खरं कार्ड जोडलेलंच नाही. आत पाच-सहा मशीन टाका आणि तो ब्रिज आम्हाला द्या. त्यात आम्ही व्हीलॅन करू, वेटोळं करू, लगाम घालू, तोडू, परत जोडू. काय वाटेल तो गोंधळ झाला तरी बाहेरच्या तारेवर एक पॅकेटसुद्धा पडणार नाही. फक्त त्या मशीनना प्रोसेसरचीही मर्यादा घाला म्हणजे झालं. तिथे हात बसल्यावर दोन-तीन जणांना सरांच्या नजरेखाली खऱ्या कागदाचं काम द्या. नाहीतर आम्ही सात लेअर पाठ करून पास होतो आणि मागच्या बाजूला रिकामे असलेले तीन पोर्ट आम्हाला दिसतही नाहीत.

काही जण म्हणतील, सतरा मशीनसाठी एवढं भाषण कशाला? कारण हे सतरावर थांबत नाही. गंमत म्हणजे नेटवर्क इंटरफेस कार्डला आपण 'एनआयसी' म्हणतो, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात गेलात तर तिथेही 'एनआयसी' अशी पाटी दिसते. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. त्याच एनआयसीचं एक मोठं डेटा सेंटर पुण्यात आहे. २०१४ पासून सरकारचा 'मेघराज' नावाचा क्लाउडही आहे. क्लाउड म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या सर्व्हरवर मिळालेलं एक व्हर्च्युअल मशीन आणि दुसऱ्याच्या कार्डातला एक हिस्सा. आपल्यातले निम्मे उद्या पुण्या-मुंबईला अशाच ठिकाणी कामाला लागणार. आज आपल्या लॅबमध्ये एका ग्रुपचे मार्क गेले. तिथे रकाना रिकामा राहिला तर कोणाचा तरी फॉर्म शेवटच्या तारखेला भरायचा राहील, कोणाची तरी स्कॉलरशिप अडकेल. आणि तिथेही ग्राफ उघडून बघणारा कोणी नसेल, तर त्या मुलालाच सांगितलं जाईल, "तुझंच नेट स्लो असेल."

वाटून घेण्याला माझा विरोध नाही, उलट चार वर्षं हॉस्टेलमध्ये काढायची तर त्याशिवाय दुसरा मार्ग नाही! पण ज्याच्या चार बादल्या आहेत त्याला कागदाची गरज वाटत नाही. कागद लागतो तो एक बादलीवाल्याला. म्हणून तो एक बादलीवाल्यांनीच मागायला हवा. या सेमिस्टरच्या सबमिशनला अजून वेळ आहे. प्रोजेक्ट ग्रुपच्या सगळ्या लीडर्सनी आणि लॅबच्या सरांनी एका शनिवारी तासभर बसावं, सतरा नावं लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा टाकावा. आकडा कमी-जास्त वाटला तर पुढच्या शनिवारी बदलू. केबल मी आणते.